ईस्टरसाठी मुलांसोबत: रिकामी अंडी, सुताचे गोळे आणि परातीतली बाग

ईस्टरची तारीख दर वर्षी हलते, पण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या बाहेर जात नाही. २०२६ साली ५ एप्रिल, २०२७ साली २८ मार्च, २०२८ साली १६ एप्रिल. म्हणजे सोलापुरात ऊन तापायला लागलेलं किंवा पुरतं तापलेलं. ईस्टरच्या हस्तकलेच्या बहुतेक कृती थंड प्रदेशातल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. त्या इथे जशाच्या तशा केल्या की उकडलेली अंडी संध्याकाळपर्यंत वास मारतात, चॉकलेट वेष्टनाला चिकटतं आणि अर्धवट वाळलेल्या कागदातला फुगा फुटतो. पण इथली हवा कोरडी असल्यामुळे खळीचं काम एका दिवसात खडखडीत होतं. म्हणून इथे तेवढ्याच वस्तू घेतल्या आहेत, ज्या ४० अंशांत टिकतात.

आधी क्रम ठरवून घ्या. परातीतली बाग झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या बरोबर ७ दिवस आधी पेरावी लागते. कागदाची आणि सुताची अंडी सोमवार ते गुरुवार करावीत. खायची अंडी रंगवायची असतील तर शनिवारी रात्री, त्याआधी नाही. टरफलं मात्र महिनाभर आधीपासून जमवता येतात. घरात बुर्जी किंवा ऑम्लेट होणारच असतं, फक्त त्या वेळी अंडी फोडायच्या ऐवजी रिकामी करायची.

टरफल न फोडता अंडं रिकामं करणं

सजावटीला उकडलेलं अंडं वापरू नका. उकडलेलं अंडं बाहेर फार तर २ तास ठेवावं आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. एप्रिलमध्ये सोलापुरातल्या घरात पंखा लावूनही दुपारी पारा ३२च्या वरच असतो. रिकामं टरफल मात्र सांभाळून ठेवलं तर वर्षानुवर्षं राहतं.

लागणारं सामान: पांढऱ्या कवचाची ६ अंडी, सेलोटेप, दाभण किंवा कंपासपेटीतलं कर्कटक, एक टूथपिक, मेडिकलमधून आणलेली सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, आणि एक वाडगा. गावरान अंडं तपकिरी असतं, त्यावर फिके रंग उठत नाहीत. पोल्ट्रीची पांढरी अंडी बरी.

अंड्याच्या बोथट टोकाला आत हवेची पोकळी असते, म्हणून भोक तिथेच पाडायचं. म्हणजे पाडताना पांढरं लगेच बाहेर येत नाही. त्या जागी सेलोटेपचा चौकोनी तुकडा चिकटवा, दाभण त्यावर टेकवून दाब न देता नुसतं फिरवत राहा. टेपमुळे तडा पसरत नाही. आरपार गेल्यावर कडा थोड्या थोड्या खरवडून भोक ५ ते ६ मिमीचं करा. टूथपिक आत घालून पिवळा बलक फोडा. आता अंडं वाडग्यावर उलटं धरा, सिरिंजचं टोक भोकाच्या एका कडेला टेकवा आणि हवा सावकाश आत सोडा. हवा आत जाते तसं अंडं बाजूने बाहेर गळतं. ५-६ वेळा असं केलं की ते रिकामं होतं.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. सिरिंज जोरात दाबली की आतल्या दाबाने टरफल उभं चिरतं. आणि भोक सिरिंजच्या टोकाएवढंच ठेवलं तर आत गेलेल्या हवेच्या बदल्यात अंड्याला बाहेर यायला वाट राहत नाही. तोंडाने फुंकून अंडं रिकामं करण्याची रीत जुनी आहे, पण कच्च्या अंड्याला तोंड लागतं म्हणून मुलांना ती शिकवू नये.

रिकाम्या अंड्यात सिरिंजनेच पाणी भरा, भोकावर बोट ठेवून हलवा, ओता. असं तीनदा करा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. भोक खाली करून अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि गच्चीवर तासभर ऊन द्या. आतला पापुद्रा ओला राहिला तर आठवड्याने कपाटातून वास येतो, त्यामुळे घाई नको. वाडग्यातलं अंडं त्याच दिवशी नीट शिजवून संपवा.

टांगण्यासाठी युक्ती सोपी आहे. अर्धी काडेपेटीची काडी घ्या, गुल कापून टाका, मधोमध दोरा बांधा आणि ती उभी भोकातून आत सोडा. दोरा ओढला की काडी आत आडवी होते आणि अंडं लटकतं.

रंगवताना मुलं टरफल मुठीत आवळतात आणि ते फुटतं. अर्ध्या बटाट्यात काडी खोचून तिच्यावर अंडं उलटं ठेवा, म्हणजे हात लावायचं कारणच उरत नाही. पोस्टर कलर चालतो, पण घामट हाताला लागतो. वाळल्यावर फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून एक हात मारा.

कांद्याच्या सालींचा रंग

खायची अंडी रंगवायला याहून स्वस्त काही नाही. सोलापूरचं मार्केट यार्ड कांद्यासाठी ओळखलं जातं, आणि भाजीवाल्याच्या पाटीच्या तळाशी कोरड्या सालींचा ढीग असतोच. मागितला तर कोणी पैसे घेत नाही. ग्रीसमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अंडी लाल करतात, आणि त्या भागातल्या जुन्या घरगुती रंगांतही कांद्याची सालच असते.

६ अंड्यांसाठी १० ते १२ कांद्यांच्या कोरड्या साली, १ लिटर पाणी आणि २ मोठे चमचे व्हिनेगर. पातेलं स्टीलचं घ्या. लोखंडाच्या कढईत रंग काळपट होतो. साली पाण्यात २० मिनिटं उकळा, रंग गाळून पूर्ण गार होऊ द्या, मगच त्यात कच्ची अंडी आणि व्हिनेगर घाला आणि मंद आचेवर चढवा. फ्रीजमधली अंडी थेट गरम पाण्यात सोडली की आतली हवा झटकन फुगते आणि कवच तडकतं. त्यामुळे अंडी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत. उकळी आल्यावर १२ मिनिटं, मग गॅस बंद करून त्याच पाण्यात आणखी १५ मिनिटं. रंग विटकरी ते तांबूस तपकिरी येतो.

व्हिनेगर कशासाठी? अंड्याचं कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. आम्ल त्याचा वरचा थर किंचित खातं आणि रंगाला पकड मिळते. म्हणूनच जास्त घातलं तर फेस येतो, थर सुटतो आणि डाग पडतात. व्हिनेगर नसेल तर एका मोठ्या लिंबाचा रस पुरतो.

पानांची नक्षी उठवायची असेल तर कच्च्या अंड्यावर कोथिंबिरीचं किंवा शेवग्याचं पान पाण्याने चिकटवा, वरून गॉजचा तुकडा ताणून घ्या आणि मागे दोऱ्याने घट्ट गाठ मारा. गॉज ढिला राहिला तर रंग पानाखाली शिरतो आणि नुसता ठिपका उरतो. कढीपत्ता घेऊ नका, तो ताठ असतो, कडा उचलतात. रंगवून झाल्यावर कपड्याला तेलाचे दोन थेंब लावून अंडं पुसलं की चकाकी येते.

पिवळ्यासाठी १ लिटर पाण्याला २ मोठे चमचे हळद. गुलाबी रंगासाठी बीट किसून उकळतात, पण तो रंग वाळल्यावर फिका पडतो, त्याच्या मागे फार लागू नये. रंगपंचमीचा उरलेला रंग खायच्या अंड्याला कधीही लावू नका, कवचाला बारीक छिद्रं असतात.

मेणाच्या खडूने आधी नाव किंवा क्रूस काढून मग रंगात बुडवलं की खडूची रेघ पांढरी राहते. यासाठी अंडं आधी उकडलेलं आणि रंगाचं पाणी गार हवं. कोमट रंगातही मेण सुटतं. खडू मऊ पडला असेल तर १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

अंडी रात्रीच फ्रीजमध्ये जातील आणि ईस्टरच्या दिवशी सकाळी ताटात येतील असं बघा. पिवळ्याभोवती हिरवट कडी दिसली तर अंडं खराब झालेलं नाही, जास्त उकडलं गेलं एवढंच.

खळ आणि कागदाचं अंडं

मागवाल्यांच्या या गावात खळ शब्द कुणाला समजवावा लागत नाही. मुलांसाठीची खळ मैद्याची करा. १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. ३ वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धार धरून ओता, १ चमचा मीठ घाला आणि ३-४ मिनिटं ढवळत राहा. पांढुरका रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक दिसली की उतरवा. ज्वारीच्या पिठाची खळ दाणेदार राहते, कागद गुळगुळीत बसत नाही. कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद टाकतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. खळ उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

फुगा छोटा घ्या आणि १२-१३ सेंमी लांबीचाच फुगवा. पूर्ण फुगवलेला फुगा गोल होतो, अर्धा फुगवलेला अंड्यासारखा राहतो. वर्तमानपत्राच्या २ सेंमी रुंद, ८ सेंमी लांब पट्ट्या हाताने फाडा. कात्रीने कापलेली कड उठून दिसते, फाटलेली मिसळून जाते. तीन थर लागतात. मुलांना कुठवर कागद लागला ते कळत नाही, त्यासाठी पहिला थर मराठी वर्तमानपत्राचा, दुसरा तेलुगू किंवा कन्नड वर्तमानपत्राचा, तिसरा पुन्हा मराठीचा द्या. सोलापुरात तिन्ही लिप्यांची रद्दी मिळणं अवघड नाही. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांमधून निपटून घ्या. निथळती पट्टी लावली की थर जाड होतो आणि आतून ओला राहतो.

आता वाळवणं. लोक इथेच फसतात. ऊन आहे म्हणून ओलं अंडं गच्चीवर ठेवलं की फुग्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि अर्धा वाळलेला कागद उकलतो, किंवा फुगाच फुटतो. संध्याकाळी हवा गार झाली की फुगा आखडतो आणि कागदाला सुरकुत्या पडतात. म्हणून पहिले ५-६ तास सावलीत, पंख्याखाली, दोरीला टांगून ठेवा. वरून हाताला कोरडं लागलं की मग हवं तर ऊन द्या. तीन थर एकदम दिले तर पूर्ण एक दिवस धरा. टिचकी मारल्यावर पुठ्ठ्यासारखा आवाज आला पाहिजे.

फुगा फोडून काढल्यावर मोठ्यांनी कटरने मधून आडवं कापायचं. खालच्या अर्ध्या भागाच्या आतून अडीच सेंमी रुंद कार्डशीटची पट्टी अशी चिकटवा की तिचा अर्धा भाग वर डोकावेल. वरचा अर्धा भाग त्यावर झाकणासारखा बसतो. रंगवण्याआधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, नाहीतर छापील अक्षरं खालून दिसत राहतात.

सुताचं अंडं

हे खास इथलं. चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात कोनावर उरलेलं रंगीत सूत ओळखीने सहज मिळतं. सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा चकचकीत धागा गोंद शोषत नाही आणि निसटतो. एका अंड्याला ३ पदरी केलेलं साधारण २० मीटर सूत लागतं. फुग्याला आधी खोबरेल तेलाचा पुसट हात लावा. ३ भाग फेविकॉल आणि १ भाग पाणी एकत्र करा, सूत त्यात भिजवत फुग्याभोवती गुंडाळा, दर चार-पाच वेढ्यांनंतर दिशा बदला. सगळे वेढे एकाच दिशेने गेले तर अंड्याला उभी ताकद राहत नाही आणि ते चपटं होतं. रात्रभर टांगून ठेवा.

फुगा काढताना घाई करू नका. आधी पेन्सिलच्या बोथट टोकाने सुताच्या फटींतून फुगा सगळीकडे सैल करा, मग गाठीजवळ बारीक छिद्र पाडून हवा हळूहळू जाऊ द्या. एकदम फोडला तर चिकटलेलं सूत आत ओढलं जातं. सहा-सात वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडतं, पण जमिनीवर वर्तमानपत्र अंथरल्याशिवाय सुरू करू नका.

परातीतली बाग आणि रिकामी कबर

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, किंवा घरी, सगळ्या वस्तूंत ही आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ससे-पिल्लांपेक्षा ईस्टरची मूळ गोष्ट, येशूच्या रिकाम्या कबरेची, हिच्यात आहे.

एक जुनी परात किंवा खोलगट ट्रे, साधारण ४० सेंमीचा. कुंभाराकडचं बोळकं किंवा संक्रांतीचं उरलेलं सुगड, त्याच्या तोंडावर बसेल असा एक चपटा गोल दगड, पांढऱ्या सुती कापडाची हातभर पट्टी, कडुनिंबाच्या काटक्या. मातीच्या बाबतीत काळजी घ्या. सोलापूरची काळी माती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळते, नुसती घेतली तर दोन दिवसांत बागेत तडे दिसतील. २ भाग काळी माती, १ भाग वाळू, १ भाग कुजलेलं शेणखत असं मिसळा. बोळकं हीच कबर. ते एका कडेला आडवं ठेवून वरून माती लिंपा म्हणजे टेकडी होते. मागे काटक्यांचे तीन क्रूस. काटक्या दोऱ्याने फुली मारून बांधा, नुसता गोंद पुरत नाही.

पेरायला गहू. घटाला घालतात तसाच: रात्रभर भिजवून, दाणे एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरून, वर अर्धा सेंमी माती. घट शारदीय नवरात्रात असतात, तेव्हा हवा एवढी तापलेली नसते. एप्रिलच्या उकाड्यात गहू रुसतो, कमी उगवतो. म्हणून परात घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवा, पहिले दोन दिवस ओल्या गोणपाटाने झाका आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. ओतू नका. परातीला खाली भोक नसतं, पाणी साचलं की दाणे कुजून पांढरी बुरशी धरते. खात्री म्हणून एका बाजूला मटकी पेरा, ती गरमीला दबत नाही आणि चार-पाच दिवसांत पानं दाखवते. ज्वारी हाताशी असली तरी टाळा. तिच्या कोवळ्या कोंबांत विषारी द्रव्य असतं, आणि लहान मूल किंवा दारातली शेळी ते तोंडात घालू शकते.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) कापडाची पट्टी गुंडाळून बोळक्यात ठेवा आणि दगड तोंडाशी लावा. ईस्टरच्या पहाटे मुलं उठण्याआधी धोंड बाजूला लोटलेली असावी, पट्टी आत घडी घालून ठेवलेली असावी. एवढंच करायचं, बाकी मुलं स्वतः विचारतात.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली झावळी टाकून देऊ नका. दीड सेंमी रुंद दोन पट्ट्या काढा, एक १८ सेंमीची आणि एक १२ सेंमीची. फुली करून बारीक पट्टीने तिरका वेढा घाला, मग विरुद्ध तिरका, आणि टोक मागे खोचा. नारळाची किंवा शिंदीची, कोणतीही चालते. कोरड्या हवेत पातं तासाभरात कडक होऊन चिरतं, तेव्हा आधी अर्धा तास पाण्यात ठेवा आणि काम होईपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळा.

अगदी लहान, तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी अंड्याच्या ट्रेमधली पिल्लं पुरतात. ट्रेची एक वाटी कापून पिवळी करायची, नारिंगी कागदाची चोच, काळे ठिपके. डाग लागलेला ट्रे घेऊ नका, स्वच्छ ट्रेसुद्धा हाताळल्यावर हात साबणाने धुवायला लावा.

अंडी शोधण्याचा खेळ

सकाळी साडेआठच्या आत आटोपा. नंतर फरशी पाय भाजते. कागदाच्या अंड्यांत चॉकलेट घालू नका, ते ३२-३४ अंशांना वितळतं. राजगिऱ्याच्या वड्या, बत्तासे, लिमलेटच्या गोळ्या, पेन्सिली, खोडरबर घाला. चार वर्षांखालच्या मुलांच्या अंड्यात शेंगदाणे, फुटाणे आणि कडक गोळ्या नकोत, घशात अडकतात. गोड अंडी रात्रीच अंगणात लपवली तर मुलांच्या आधी मुंग्या शोधतात. बुरडाकडची छोटी दुरडी प्रत्येकाच्या हातात द्या, आणि तिच्यात हिरव्या प्लास्टिकच्या गवताऐवजी रंगीत सुताचे तुकडे पसरा. तूस आधी झटकून घ्या. लपवलेल्या अंड्यांची संख्या कागदावर लिहून ठेवा आणि वयाप्रमाणे रंग वाटून द्या, म्हणजे मोठी मुलं धाकट्यांचा वाटा उचलत नाहीत.

नंतर ठेवताना टरफलं अंड्याच्या ट्रेमध्ये, वरून दुसरा ट्रे उलटा घालून दोरीने बांधा. कागदाची आणि सुताची अंडी पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात गेली पाहिजेत. खळीला कसर लागते आणि फेविकॉल दमट हवेत सैल पडून सुताचं अंडं बसतं. तसं झालंच तर फेकू नका, आत छोटा फुगा घालून पुन्हा फुगवा, वरून पातळ फेविकॉलचा हात द्या आणि रात्रभर टांगा.